नाव लपवणारे लोक: टॉल्किनच्या ड्वार्फांचा समाज

मोरियाच्या डोंगराच्या पोटात, एका चौकोनी दालनात बालिनची कबर आहे. भिंतीत उंचावर खोदलेल्या झरोक्यातून उजेडाचा झोत नेमका तिच्यावर पडतो. पांढऱ्या शिळेवर कोरले आहे: फुंडिनचा मुलगा बालिन, मोरियाचा अधिपती. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला हा प्रसंग वाचताना आपण बालिनच्या मरणाने हबकलेले असतो, त्यामुळे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. बालिन हे त्याचे खरे नाव नाही. ते बाहेरच्या जगात वावरण्यापुरते घेतलेले नाव आहे. ड्वार्फाचे खरे नाव परक्या वंशातल्या कुणालाही कधी सांगितले जात नाही. ते कबरीवरसुद्धा कोरत नाहीत.

ड्वार्फ म्हटले की बुटकी दणकट अंगलट, लांब दाढी, हातात कुऱ्हाड आणि मनात सोने, एवढेच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांसमोर येते. पण जो समाज मेल्यावरही नाव उघड करत नाही, त्याला नुसते लोभी म्हणून मोकळे होता येत नाही. माझे म्हणणे असे की या लोकांना ओळखायचे तर त्यांच्या खजिन्याकडे नंतर बघावे. आधी त्यांनी काय झाकून ठेवले आणि काय गमावले ते बघावे.

हे बघणे सोपे नाही, कारण माहिती विखुरलेली आहे. १९३७ साली आलेल्या 'द हॉबिट'मध्ये थोरिन आणि त्याचे साथीदार असे तेरा ड्वार्फ, बिल्बो या बुटक्या हॉबिटला सोबतीला घेऊन, आपले हरवलेले राज्य परत मिळवायला निघतात. १९५४–५५मध्ये तीन खंडांत आलेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये गिम्ली हा ड्वार्फ भेटतो, पण समाजाचा खरा तपशील शेवटच्या परिशिष्टांत दडलेला आहे. आणि त्यांच्या जन्माची कथा टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर, १९७७ साली त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर याने संपादित केलेल्या 'सिल्मरिलियन'मध्ये येते. तिथूनच सुरुवात करू.

परवानगीविना घडवलेले

टॉल्किन यांच्या विश्वात निर्माता एकच, इलुवातार. त्याच्या हाताखाली वालार नावाच्या थोर शक्ती आहेत. त्यांपैकी आउले हा कारागीर. खडक, धातू, ऐरण, हातोडा हे त्याचे जग. पृथ्वीवर पुढे एल्फ हा अमर वंश आणि माणसे येणार हे त्याला माहीत होते, पण वाट बघणे त्याला जमेना. आपली विद्या शिकवायला कुणीतरी हवे होते. त्याने डोंगराखालच्या दालनात, इतर वालारांच्या नकळत, ड्वार्फांचे सात पूर्वज घडवले आणि त्यांना स्वतः रचलेली भाषा शिकवायला लागला.

इलुवातारने त्याला गाठले. तुझ्या अधिकाराबाहेरचे काम तू का केलेस, असे विचारले. आउलेने घडवलेले पुतळे आउलेच्या मनात आले तरच हलणार होते, कारण प्राण देणे त्याच्या हातात नव्हते. आउले शरमला. त्याने रडत रडत आपलेच काम मोडायला मोठा हातोडा उचलला. तेव्हा ते सात जण मागे सरले आणि माना खाली घालून दया मागू लागले. पुतळे घाबरत नाहीत. म्हणजे तोवर इलुवातारने त्यांना स्वतःचा जीव दिलेला होता. त्याने त्यांना दत्तक घेतले, पण एका अटीवर. एल्फ हेच पहिले जन्मलेले राहतील, म्हणून ते जागे होईपर्यंत या सात जणांनी दगडाखाली झोपून राहायचे.

संपूर्ण टॉल्किन साहित्यात मला हा प्रसंग सर्वांत हळवा वाटतो. ड्वार्फ समाजाचा स्वभावही इथेच ठरतो. त्या काळी जगावर मेल्कोर या दुष्ट शक्तीचा अंमल होता, म्हणून आउलेने त्यांना न वाकणारे घडवले: भूक, कष्ट आणि जखमा इतर कुणाहूनही जास्त सोसणारे, मैत्री आणि वैर दोन्ही न विसरणारे. त्यांचा जन्म गुपचूप झाला आणि गुप्तता त्यांच्या रक्तात उतरली. जगाच्या मूळ आराखड्यात ते नव्हते, आणि ही गोष्ट इतरांनी त्यांना विसरू दिली नाही. मेल्यावर ड्वार्फ पुन्हा दगड होतात, असे एल्फ मानत. खुद्द ड्वार्फांची श्रद्धा निराळी होती. ते आउलेला महाल म्हणतात. महाल आपल्याला मृत्यूनंतर वेगळ्या दालनांत जमवील आणि जगाच्या शेवटी सगळे पुन्हा उभारताना आपण त्याच्या हाताखाली काम करू, असे ते मानतात. मोक्षाची कल्पनासुद्धा कामाची आहे, हे मला फार बोलके वाटते.

सात पूर्वजांची सात घराणी झाली. त्यांत थोरले दुरिनचे, लांब दाढीवाल्यांचे. दुरिन गुंडाबादच्या डोंगरात एकटाच जागा झाला, भटकत खेलेद-झाराम या तळ्याशी आला आणि पाण्यात त्याला आपल्या डोक्यावर सात ताऱ्यांचा मुकुट दिसला. तिथेच त्याने खझद-दूम वसवले, तेच पुढचे मोरिया. त्याच्या वंशात हुबेहूब त्याच्यासारखा वारस जन्मला की त्यालाही दुरिनच म्हणत आणि मूळ पुरुष परत आला असे मानत.

करार, ऐरण आणि दुसऱ्याच्या शेतातले धान्य

पोटापाण्याचा प्रश्न बहुतेक कल्पित जगांत कुणी विचारत नाही. टॉल्किन यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. ड्वार्फ शेती करत नाहीत. एरेबोर या एकाकी डोंगरातले त्यांचे राज्य भरात होते तेव्हा पायथ्याशी डेल हे माणसांचे शहर होते. डेलचे लोक आपली मुले ड्वार्फांकडे उमेदवारीला पाठवत आणि मोबदला बहुतेक धान्याच्या रूपात देत. थोरिन स्वतः सांगतो की आम्ही अन्न पिकवण्याच्या किंवा शोधण्याच्या भानगडीत कधी पडलोच नाही. बदल्यात डेलला शस्त्रे, दागिने, घडीव वस्तू मिळत आणि तिथला खेळण्यांचा बाजार तर दूरवर नावाजलेला होता. युद्धखोर म्हणून ओळखले जाणारे हे लोक इतकी सुंदर खेळणी करत, हे आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या व्यवस्थेत एक कच्चा दुवा होता. डोंगर आणि पायथा एकमेकांवाचून जगू शकत नव्हते. तिसऱ्या युगाच्या २७७० साली स्मॉग हा ड्रॅगन आला तेव्हा एरेबोर आणि डेल दोन्ही एकदमच संपले. उरलेले ड्वार्फ गावोगाव लोहारकाम करत, वेळ पडली तर कोळशाच्या खाणीत राबत जगले. ज्यांचे आजोबा रत्नांना पैलू पाडत होते त्यांच्यावर ही वेळ आली. थोरिनच्या ताठ्यामागे हा अपमान आहे.

व्यवहारात ते काटेकोर. बिल्बोला दिलेले करारपत्र वाचून हसू येते, पण त्यात एका समाजाची रीत आहे. नफा झालाच तर चौदाव्या हिश्श्यापर्यंत वाटा, प्रवासखर्च मिळणार, आणि जीव गेला तर अंत्यविधीचा खर्चसुद्धा ते करणार. हक्काच्या बाबतीत ड्वार्फ कुणाला इंचभर सोडत नाहीत, आणि दिलेला शब्दही सोडत नाहीत.

आता सोन्याचे. ड्वार्फांना मिळालेल्या सात अंगठ्यांची गोष्ट इथे कामी येते. सौरॉन या दुष्ट सत्ताधीशाने अंगठ्यांच्या जोरावर माणसांपैकी नऊ जणांना आपल्या छाया करून टाकले. ड्वार्फांवर तो डाव चालला नाही. ते कुणाच्या इच्छेचे गुलाम होत नाहीत, तसे घडलेलेच नाहीत. अंगठीचा परिणाम एवढाच झाला की सोन्याची भूक भडकली. म्हणजे लोभ त्यांच्यात होता, पण तो फुलवला गेला बाहेरून. त्याची किंमत मात्र त्यांनीच मोजली. मिथ्रिल या दुर्मिळ धातूच्या मागे खझद-दूममध्ये ते खोल खोल खणत गेले आणि तिथे दडून बसलेला बॅलरॉग हा आगीचा राक्षस जागा झाला. तिसऱ्या युगाच्या १९८० साली त्याने सहाव्या दुरिनला मारले आणि वर्षभरात त्यांचे सर्वांत जुने घर ओस पडले.

डीस, आणि बाकीच्या निनावी

ड्वार्फांत स्त्रियांचे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त नाही. त्या फारशा बाहेर पडत नाहीत. प्रवासाला निघाल्याच तर पोशाख, आवाज आणि रूप पुरुषांसारखेच असल्याने परक्याला फरक कळत नाही. यातूनच माणसांत एक खुळी समजूत पसरली की ड्वार्फांत स्त्रियाच नसतात, ते दगडातून उगवतात.

लग्नाचे नियम त्याहून लक्षवेधी आहेत. आयुष्यात एकच जोडीदार. पुरुषांपैकी एक तृतीयांशाहून कमीच लग्न करतात, कारण पुष्कळ जण आपल्या कारागिरीत इतके गढलेले असतात की संसाराची त्यांना ओढच नसते. आणि स्त्रियांनाही लग्नाची सक्ती नाही. काहींना नवरा नकोच असतो. काहींना जो हवा तो मिळत नाही, आणि दुसरा कुणी त्यांना चालत नाही. १९५५ साली छापल्या गेलेल्या परिशिष्टात, वंश टिकणे ही जिथे रोजची चिंता आहे अशा समाजातही स्त्रीच्या नकाराला असा मान दिलेला आहे. टॉल्किन यावर भाष्य करत नाहीत, वस्तुस्थिती म्हणून सांगून पुढे जातात.

याचा परिणाम उघड आहे. ड्वार्फ साधारण अडीचशे वर्षे जगतात, पण त्यांची संख्या फार सावकाश वाढते. एका लढाईत गेलेली पिढी भरून यायला शतक लागते. डोंगराचे दरवाजे बंद ठेवणे, स्त्रियांना बाहेरच्या नजरेपासून दूर ठेवणे, परक्यावर चटकन विश्वास न टाकणे, या सगळ्याकडे या आकड्यांसमोर बसून पाहिले तर तो तुसडेपणा वाटत नाही.

तरीही एक गोष्ट मला सलते. या इतिहासात नाव असलेली ड्वार्फ स्त्री एकच, डीस. ती थ्राइनची मुलगी, थोरिनची बहीण, आणि फीली व कीली यांची आई. तिचे नाव नोंदले गेले तेही मुलांच्या पराक्रमामुळे: दोघे थोरिनचे रक्षण करताना पडले. तिचा आजोबा मोरियाच्या दारात मारला गेला, एक भाऊ लढाईत गेला, बाप कैदेत मेला, थोरला भाऊ आणि दोन्ही मुले एकाच लढाईत गेली. एवढे सोसलेल्या बाईबद्दल चार ओळीसुद्धा नाहीत. ड्वार्फांची गुप्तता हे त्याचे कथेतले कारण झाले. लेखकाने तिला आणखी जागा द्यायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते.

घरातली भाषा, बाजारातली भाषा

आउलेने शिकवलेली भाषा म्हणजे खुझदूल. ड्वार्फ ती परक्यांना शिकवत नाहीत. युद्धातली आरोळी, काही जागांची नावे, बालिनच्या शिळेवरच्या पदवीसारखे मोजके शब्द, एवढीच बाहेर ऐकू येते. याखेरीज हातवाऱ्यांची एक भाषा आहे, इग्लिश्मेक, तीही तितकीच गुप्त. बाहेर मात्र ते ज्या मुलखात राहतील तिथली भाषा बोलतात.

खुझदूलची ठेवण सेमिटिक भाषांसारखी आहे, म्हणजे तीन व्यंजनांचा सांगाडा आणि त्यात बदलणारे स्वर. मराठी वाचकाला हे अपरिचित नाही. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेले हुकूम, हाकीम, हुकूमत हे शब्द शेजारी ठेवले की ह-क-म हा सांगाडा दिसतो. तसेच खझाद म्हणजे ड्वार्फ लोक, खुझ्द म्हणजे एक ड्वार्फ, आणि खुझदूल म्हणजे त्यांची भाषा.

मग बालिन, थोरिन, ग्लोइन ही नावे कुठली? त्यांतली बहुतेक, बालिन सोडून, आइसलँडच्या तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात जपलेल्या 'व्होलुस्पा' या प्राचीन नॉर्स काव्यातून आली आहेत. तिथे बुटक्यांच्या नावांची एक लांबलचक यादीच आहे. टॉल्किन यांनी ती मुलांसाठीच्या गोष्टीत वापरली. पुढे जग विस्तारले तेव्हा प्रश्न पडला की निराळ्या भाषेच्या लोकांची नावे नॉर्स कशी? उत्तर निघाले ते असे: ही नावे उत्तरेकडच्या माणसांच्या भाषेतली, बाहेर वापरायची आहेत. आतली नावे आपल्याला कधी कळणारच नाहीत. एका तांत्रिक अडचणीतून समाजाचा एवढा खोल पैलू जन्माला आला, यात मला त्यांची प्रतिभा दिसते.

सेमिटिक ठेवण योगायोगाने आलेली नाही. टॉल्किन यांनी १९५५ सालच्या एका पत्रात लिहिले की ड्वार्फांचा विचार करताना आपल्याला ज्यू लोक आठवतात: जिथे राहतात तिथले, आणि तरी तिथले नसलेले, मुलखाची भाषा बोलणारे पण घरच्या भाषेचा हेल असलेले. बीबीसीच्या मुलाखतीतही ते असेच बोलले.

कोकणातल्या बेने इस्रायली या ज्यू समाजाकडे पाहिले की हे दुहेरी जगणे आपल्या अगदी जवळचे वाटते. रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले हे लोक मराठी बोलत. आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावावरून, आणि प्रार्थना हिब्रूत. त्यांनी आपली नावे कुणापासून लपवली नाहीत, आणि कोकणाने त्यांना छळलेही नाही. ज्यांचा डोंगरच हिरावला गेला, त्या ड्वार्फांची गुप्तता म्हणूनच अधिक कडवट आहे.

या तुलनेत एक धोकाही आहे, तो झाकू नये. ज्यूंना सोन्याशी जोडणारा अपप्रचार युरोपात शतकानुशतके चालला, आणि 'द हॉबिट'मधला थोरिनचा सोन्याचा हव्यास त्या पार्श्वभूमीवर वाचताना अस्वस्थ व्हायला होते. पण टॉल्किन यांच्या मनात द्वेष नव्हता, हे स्पष्ट आहे. १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने ते आर्य वंशाचे आहेत का, अशी विचारणा केली. उत्तराच्या मसुद्यात त्यांनी लिहिले की त्या गुणी ज्यू लोकांपैकी आपले कुणी पूर्वज नाहीत याची आपल्याला खंत वाटते. आणि पुढच्या पुस्तकात त्यांनी गिम्ली लिहिला.

जाळलेले ड्वार्फ

आपल्याकडे हिंदू घरांत अग्निसंस्कार हीच सन्मानाची रीत आहे, म्हणून आता जे सांगतो त्याचे ओझे मराठी वाचकाच्या नजरेतून सुटू शकते. ड्वार्फ आपल्या मृतांना दगडातच ठेवतात. मातीत पुरत नाहीत, जाळत नाहीत. दगडातून आलेल्यांनी दगडात जायचे.

डीसचा आजोबा, म्हातारा राजा थ्रोर मोरियाच्या दारात गेला तेव्हा ऑर्क या क्रूर वंशाचा म्होरक्या अझोग याने त्याचे मुंडके छाटले, कपाळावर आपले नाव डागले आणि भिकाऱ्याला द्यावी तशी चिल्लर नाण्यांची थैली त्याच्या सोबत्याकडे फेकली. सातही घराणी एकत्र आली. तिसऱ्या युगाच्या २७९३ ते २७९९ असे युद्ध चालले आणि शेवट अझानुल्बिझारच्या खोऱ्यात, मोरियाच्या पूर्वद्वारासमोर झाला. तरुण दाइनने अझोगला मारले. तो ३२ वर्षांचा होता, ड्वार्फांच्या हिशेबाने पोरगेलाच.

विजय मिळाला, पण मृत इतके होते की प्रत्येकासाठी दगडी थडगे घडवायला वर्षे लागली असती. तसेच सोडले तर ऑर्क आणि गिधाडे. शेवटी त्यांनी खोऱ्यातली झाडे तोडली आणि चिता रचल्या. त्या खोऱ्यात पुन्हा कधी झाडे आली नाहीत. पण त्यानंतर घराघरांत नवी रीत पडली. त्या लढाईत पूर्वज गेला असेल तर वंशज अभिमानाने सांगे, तो जाळलेल्या ड्वार्फांपैकी होता. ऐकणाऱ्याला आणखी काही विचारावे लागत नसे. जी गोष्ट विटंबना ठरायची तिचेच त्यांनी मानचिन्ह केले. इतका मोठा घाव भाषेत आणि नात्यांत कसा मुरतो, हे टॉल्किन यांनी दीड पानात दाखवले आहे. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत ते स्वतः होते.

गिम्लीला दिसलेले

हेल्म्स डीप या डोंगरी गढीच्या लढाईनंतर गिम्ली आपला एल्फ मित्र लेगोलास याला तिथल्या गुहांविषयी सांगतो. छतातून उतरलेले दगडाचे झुंबर, खालून वर आलेले खांब, तळ्याच्या स्थिर पाण्यात पडलेली त्यांची प्रतिबिंबे. इंग्लंडमधल्या चेडरच्या गुहा टॉल्किन यांनी पाहिल्या होत्या, त्यांचीच ही सावली. लेगोलासला शंका येते की ड्वार्फ तिथे आले तर सगळे खणून काढतील. गिम्ली चिडतो. फुललेली झाडे कुणी सरपणासाठी तोडतो का, असे विचारतो. आम्ही त्या गुहा राखू, म्हणतो, दिवसभरात एखादाच कपचा उडवू, तोही जपून. युद्ध संपल्यावर तो खरोखर तिथे आपल्या लोकांना घेऊन येतो आणि त्या गुहांचा अधिपती होतो. ड्वार्फांचे दगडावरचे प्रेम विकत घेण्याविकण्याच्या पलीकडचे आहे, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठेच आलेले नाही.

ज्यांना मुळातून वाचायचे आहे त्यांनी 'सिल्मरिलियन'मधले आउले आणि याव्हान्ना यांचे छोटे प्रकरण आधी वाचावे, मग 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या परिशिष्टातला दुरिनच्या वंशावरचा भाग. दोन्ही मिळून एका संध्याकाळचे वाचन आहे. त्यानंतर 'द हॉबिट' पुन्हा उघडले तर बिल्बोच्या घरी बसलेल्या तेरा ड्वार्फांचे ते डोंगरावरचे गाणे निराळेच ऐकू येईल.